कळवणार कोणाला?

तास संपत आला होता. मागच्या रांगेत आठवीतली एक मुलगी चटका बसावा तसे दोन्ही हात कीबोर्डवरून उचलून बसली होती आणि शेजारचा मुलगा तिच्या पडद्यात डोकं घालून हसू दाबत होता. जवळ गेले. काळ्या चौकटीत इंग्रजीत एक ओळ उमटलेली: या खात्याचं नाव सुडोअर्सच्या यादीत नाही, ही घटना कळवली जाईल. “बाई, मी काही नाही केलं,” मी विचारायच्या आधीच तिनं सांगून टाकलं. मग आवाज खाली आणून, “कळवणार कोणाला?” “मुख्याध्यापकांना,” शेजारच्यानं तत्परतेनं माहिती पुरवली. “नाही रे, पोलिसांना,” मागून कुणीतरी भर घातली. ती हसली नाही.

आमच्या वर्गातली यंत्रं लिनक्सवर चालतात. ही मुक्त संगणक-प्रणाली, म्हणजे तिचा आतला कोड कुणालाही वाचता-बदलता येतो. ती वापरणाऱ्यांना या ओळीची इतकी सवय असते की ती दिसेनाशीच होते. झालं होतं एवढंच, की तिनं कुठूनतरी वहीत एक आज्ञा उतरवून आणली होती. बर्फात उड्या मारणाऱ्या पेंग्विनचा सुपरटक्स नावाचा खेळ आहे, तो यंत्रावर बसवण्याची. आज्ञेच्या सुरुवातीला सुडो होतं, म्हणजे ‘एवढ्या कामापुरते मला यंत्राचे सगळे अधिकार दे.’ ज्यांना ते मागता येतात त्यांची यादी म्हणजे सुडोअर्स. विद्यार्थ्यांच्या खात्यांना ते अधिकार आमच्याकडे दिलेले नसतात. यंत्रानं नियमाप्रमाणे नकार दिला आणि नियमाप्रमाणे तंबीही. त्यात सुडो पासवर्ड विचारतं आणि तो टाकताना पडद्यावर काहीच उमटत नाही, एक ठिपकासुद्धा नाही. कीबोर्ड बंद पडला असं समजून तिनं तो पुन्हा पुन्हा टाकून पाहिला होता. ती ओळ येईपर्यंत बिचारी आधीच निम्मी घाबरलेली होती.

“काही नाही गं, असंच येतं ते.” हे वाक्य माझ्या ओठांवर तयार होतं. संगणक शिकवणाऱ्या माणसाच्या तोंडी ते दिवसभर असतं. असंच येतं, ओके दाब, बंद करून चालू कर. पण तिचा प्रश्न इतका नेमका होता की त्याला ‘असंच’ म्हणणं जिवावर आलं. मी तिच्याच यंत्रावर माझ्या खात्यानं शिरले आणि नोंदींची फाइल उघडली. शेवटच्या काही ओळींत ती होती: तारीख, सेकंदापर्यंतची वेळ, यंत्राचं नाव, तिचं खातं, त्या वेळी ती कुठल्या फोल्डरमध्ये होती ते, आणि तिनं टाइप केलेली आख्खी आज्ञा, खेळाच्या नावातल्या स्पेलिंगच्या चुकीसकट. तिनं पडद्यावर बोट ठेवून ओळ वाचली. “म्हणजे हे इथंच राहतं?” “इथंच. या यंत्राचा जो कोणी मुख्य असेल त्याच्यासाठी.” “मुख्य कोण?” “मी.” “मग तुम्ही हे रोज वाचता?” “नाही.” “मग कळवून काय उपयोग?”

घंटा झाली म्हणून सुटले.

त्या रात्री मी सुडोच्या मागे लागले. सुडो पहिल्यांदा लिहिलं गेलं १९८०च्या सुमारास, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोच्या विद्यापीठात, संगणकशास्त्र विभागात. तेव्हाचा संगणक म्हणजे एक यंत्र आणि त्याला जोडलेले अनेकजण. मुख्य अधिकार एखाद-दुसऱ्या माणसाकडे, आणि तो माणूस दुसऱ्याच खोलीत. कुणी नको तिथं हात घातला की त्याच्या संगणकावरच्या टपालपेटीत खरोखरच पत्र पडायचं. आमच्या वर्गातल्या यंत्रांवर टपालाची व्यवस्थाच बसवलेली नाही, त्यामुळे ती तंबी आमच्याकडे नुसती फाइलीत जाऊन पडते. पुढच्या आवृत्त्यांत ही ओळ बदललेली आहे. पत्र खरंच गेलं असेल तरच तसा उल्लेख येतो. आणि हे सगळं मला कळलं कसं? कारण ते वाचायला ठेवलेलं आहे. तंबी कोणत्या अटीवर छापायची हे ठरवणाऱ्या ओळी, त्यात झालेले बदल, सगळं उघड्यावर. एका आठवीतल्या मुलीचा प्रश्न घेऊन मी निघाले आणि वाटेत कुणी ‘इथून पुढे प्रवेश नाही’ म्हणालं नाही.

शाळेत मुक्त प्रणाली कशासाठी, या प्रश्नाची उत्तरं आम्ही सभांमध्ये पुष्कळ देतो. खर्च वाचतो, विषाणूंचा त्रास कमी, जुनी यंत्रं चालतात. सगळी खरी आहेत. पण मला आतून पटलेलं कारण एकच आहे, आणि ते सभेत सांगितलं की लोक माझ्याकडे जरा काळजीनं बघतात. मुलानं विचारलेला ‘का’ कुठपर्यंत जाऊ शकतो, हे वर्गातल्या यंत्रावर ठरतं. बंद प्रणालीत तो एका क्रमांकापाशी आणि ओकेच्या बटणापाशी थांबतो. त्याच्या पलीकडचं मलाही दिसत नाही आणि त्यालाही नाही; फरक एवढाच, की मला ते दिसत नाही याची सवय झालेली असते. उघड्या प्रणालीत तो ‘का’ माझ्या अज्ञानापाशी थांबतो. तेही वाईटच, पण निदान त्यावर इलाज असतो.

मी स्वतः संगणक शिकले तो पाठ करून. एका यंत्रापुढे आम्ही दोघी-तिघी, माउस एकीच्या हातात आणि बाकीच्या नुसत्या बघ्या. पडद्यापेक्षा वहीच जास्त आठवते. फाइल सेव्ह करण्याच्या पायऱ्या लिहा. फाइलच्या यादीतला अमुक पर्याय निवडा, मग नाव द्या, मग ओके दाबा. परीक्षेत पायऱ्यांचा क्रम चुकला की गुण कापले जायचे. सेव्ह म्हणजे नेमकं काय होतं, अक्षरं कुठे जातात, वीज गेली तर का उडतात, हे कुणी विचारलं नाही आणि आम्हालाही विचारावंसं वाटलं नाही. पायऱ्या तर येत होत्या. मग २००७ साली मायक्रोसॉफ्ट ऑफिसमधल्या त्या पाठ केलेल्या याद्यांच्या जागी रिबन, म्हणजे बटणांची रुंद पट्टी, आली. वर्षानुवर्षं टाइप करणारी शहाणीसुरती माणसं प्रिंटचं बटण शोधत बसलेली मी पाहिली आहेत. त्यांना काही येत नव्हतं अशातला भाग नाही. त्यांना एक विशिष्ट खोली पाठ होती आणि मालकानं एका रात्रीत सामान हलवलं होतं.

पालकांना हे पटवणं अवघड असतं, आणि मी त्यांना दोष देत नाही. “बाहेर जे वापरतात ते शिकवा ना,” हा त्यांचा मुद्दा अगदी सरळ आहे. त्यावर आमच्याकडची तयार उत्तरं म्हणजे जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीतली सगळी यंत्रं २०१७च्या नोव्हेंबरपासून लिनक्सवर चालतात, तुमच्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या गाभ्यात लिनक्स आहे, २०२१ साली मंगळावर उडालेल्या इन्जेन्युइटी या चिमुकल्या हेलिकॉप्टरवर लिनक्स होतं. मी हे सांगते तेव्हा सभेत एक समाधानाची कुजबुज होते आणि मला आतून थोडं लबाड वाटतं. कारण मूल काही मंगळावर निघालेलं नसतं. त्याला उद्या एखाद्या कचेरीत पत्र टाइप करायचं असतं, तक्त्यात बेरीज लावायची असते, आणि तिथल्या यंत्रावर काय असेल ते पालकांना बरोबर ठाऊक असतं. खरं उत्तर असं आहे की लिब्रेऑफिस या मुक्त ऑफिस-संचात तक्ता शिकलेलं मूल दुसऱ्या तक्त्यापुढे थोडा वेळ चाचपडतं आणि मग चालू लागतं, बशर्ते त्याला तक्ता शिकवला असेल, बटणं नव्हे. पण हे ‘बशर्ते’ फार मोठं आहे. लिनक्सवरही पायऱ्या पाठ करून घेणारे शिक्षक असतात. प्रणाली बदलली म्हणून शिकवणं बदलत नाही.

आणि खर्चाचं ते कारण. ते कितीही खरं असलं तरी मुलांसमोर काढू नये असं मला वाटायला लागलंय. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०ची सुरक्षा-दुरुस्ती थांबायची होती. पुढची आवृत्ती टीपीएम २.० ही यंत्रातली सुरक्षेची सोय आणि ठरावीक प्रोसेसर असल्याशिवाय अधिकृतपणे बसत नाही, आणि कित्येक शाळांमधली धडधाकट यंत्रं त्या अटीत बसेनात. तेव्हा ज्यांनी कधी लिनक्सचं नाव काढलं नव्हतं तेही विचारायला लागले. आनंदच आहे. पण ‘परवडत नाही म्हणून हे’ अशी वर्गात ओळख झाली, की मुलांना त्याचा वास लागतो. आपल्याला उरलंसुरलं मिळालंय, चांगलं दुसरीकडे कुणाला तरी मिळतंय, हे मूल पडद्याकडे न बघताच ओळखतं. मग प्रत्येक अडचणीला तेच स्पष्टीकरण मिळतं: फुकटचं आहे, चालायचंच. जुनी यंत्रं चालवायचं वचनही लोक समजतात तितकं अमर नाही. २०२५ साली आलेल्या डेबियन १३नं, म्हणजे लिनक्सच्याच एका अवतारानं, ३२ बिटच्या जुन्या पीसींसाठी इन्स्टॉलर देणं थांबवलं. कुठेतरी कुणाला तरी ते सांभाळायला वेळ हवा असतो, आणि वेळ कुणाचाच फुकट नसतो.

स्पेनमधल्या एस्त्रेमादुरा प्रांताची गोष्ट मला म्हणूनच आवडते. स्पेनमधल्या गरीब प्रांतांपैकी हा एक. २००२ साली त्यांनी डेबियनवर आधारलेली स्वतःची लिनएक्स नावाची प्रणाली काढली आणि माध्यमिक शाळांमध्ये दर दोन मुलांमागे एक संगणक ठेवायचं ठरवलं. पैसे नव्हते हे तर होतंच. पण त्यांनी ती प्रणाली गरिबाघरची म्हणून वर्गात आणली नाही. चिन्हं, प्रोग्रामांची नावं त्यांनी आपल्या मातीतली दिली. चित्रं काढायच्या प्रोग्रामला त्यांच्याच प्रांतात जन्मलेल्या झुर्बारान या सतराव्या शतकातल्या चित्रकाराचं नाव. आता झुर्बाराननं पिक्सेल बघितले नव्हते हे मान्य, पण यंत्र उघडल्यावर आपल्या गावचा माणूस भेटला तर मूल त्या यंत्रापुढे वेगळ्या ऐटीत बसत असेल असं मला वाटतं. नॉर्वेतल्या काही लोकांनी २००१ साली स्कोलेलिनक्स सुरू केलं त्यामागेही अशीच ओढ होती: शाळेतलं यंत्र मुलांच्या भाषेत बोललं पाहिजे, आणि त्यात थोड्या लोकांची निनोर्स्क आणि त्याहून थोड्यांची उत्तर सामीसुद्धा आली. कुठल्या कंपनीला ते परवडेल का, हा प्रश्नच उरला नाही. ज्यांना हवं होतं त्यांनी बसून केलं.

केरळचं वेगळं. तिथं २००१ साली आयटी@स्कूल प्रकल्प सुरू झाला, पुढे सरकारी शाळा मुक्त प्रणालीवर आल्या, २०१७ मध्ये त्या प्रकल्पाची काइट ही संस्था झाली. उबुंटू या लिनक्सच्या आणखी एका अवतारावर बेतलेली त्यांची स्वतःची प्रणाली आहे, दहावीची आयटीची प्रात्यक्षिक परीक्षा त्यावर होते. आकडे आणि बचत यांच्या बातम्या येतात, पण मला त्यात महत्त्वाचं वाटतं ते शिक्षकांचं. शिकवणारे प्रशिक्षक त्यांनी शिक्षकांमधूनच उभे केले आणि धडेही त्याच सॉफ्टवेअरला धरून लिहिले. म्हणजे वर्गात बाईंच्या हातात एक पुस्तक आणि पडद्यावर दुसरंच काहीतरी, असं झालं नाही. २०१८पासून लिटल काइट्स नावाची मुलांची मंडळं आहेत. शाळेतली यंत्रं नीट ठेवण्यातही ती मुलं हातभार लावतात. एवढं वाचूनच मला हेवा वाटतो. आमच्यासारख्या कितीतरी ठिकाणी हे सगळं एका हौशी शिक्षकाच्या जिवावर चाललेलं असतं, आणि त्याची बदली झाली की पुढच्या माणसाच्या पहिल्या आठवड्यात सगळं पुसलं जातं.

अडचणी नाहीत असं म्हणणाऱ्या लिनक्सवाल्यांचा मला राग येतो. वायफायची चिप ओळख दाखवत नाही. प्रोजेक्टर जोडला की पडदा अर्धा दिसतो. एखादं सरकारी संकेतस्थळ एकाच ब्राउझरशी बोलायला तयार असतं. जुन्या फाँटमध्ये टाइप केलेल्या प्रश्नपत्रिका उघडल्या की देवनागरीच्या जागी चिन्हांची जत्रा भरते. आणि छपाईयंत्र! या सगळ्या चळवळीच्या मुळाशी एक छपाईयंत्रच आहे ही मला त्यातली सगळ्यात गोड विसंगती वाटते. १९८०च्या आसपास एमआयटीच्या प्रयोगशाळेत रिचर्ड स्टॉलमन या प्रोग्रामरच्या मजल्यापासून दूर एक झेरॉक्सचं लेझर छपाईयंत्र होतं, त्यात कागद अडकायचा आणि कुणाला कळायचं नाही. आधीच्या यंत्राच्या प्रोग्राममध्ये त्यानं बदल करून ‘कागद अडकलाय’ असा निरोप छपाईची वाट बघणाऱ्या सगळ्यांना जाईल अशी सोय केली होती. नव्या यंत्राचा प्रोग्राम मात्र कुणी दाखवेना. ज्याच्याकडे होता त्यानं गुप्ततेचा करार केलेला. तो नकार स्टॉलमनच्या मनात राहिला आणि १९८३ साली त्यानं जीएनयू या मुक्त प्रणालीच्या प्रकल्पाची घोषणा केली. आठ वर्षांनी, १९९१ मध्ये, हेलसिंकीत शिकणाऱ्या २१ वर्षांच्या लिनस टोरवाल्ड्सनं ‘नुसती हौस म्हणून’ लिहिलेला लिनक्स हा गाभा त्याला येऊन मिळाला. इतकं सगळं घडलं, आणि आजही परीक्षेच्या आदल्या दिवशी मी छपाईयंत्रापुढेच हात जोडून उभी असते.

मुलांना मात्र यातलं फार थोडं जाणवतं. त्यांना जाणवतं ते वेगळंच. लहान वर्गांना मी टक्सपेंट हा चित्रं काढायचा प्रोग्राम देते. ब्रशला आवाज असतो, शिक्का मारला की तोही काहीतरी बोलतो, आणि सेव्ह करताना तो नाव विचारत नाही. चित्र ठेवलं जातं आणि पुढच्या वेळी छोट्या छोट्या चित्रांच्या रांगेतून आपलं ओळखून काढायचं. पहिल्यांदा मला हा कच्चा कारभार वाटला. मग एकदा पहिलीची मुलं बघत बसले. ज्यांना अजून स्वतःचं नाव नीट लिहिता येत नाही ती मुलं दाटीवाटीच्या चित्रांतून आपलं चित्र अचूक उचलत होती, “हे माझं, हे तिचं, तिनं सूर्याला मिशा काढल्यात.” फाइलला नाव लागतं ही आम्हा मोठ्यांची गरज. बिल केंड्रिक आणि त्याच्या साथीदारांनी २००२पासून हा प्रोग्राम चालवला आहे, आणि तो बनवताना कुणीतरी मुलांच्या उंचीवर बसून बघितलेलं आहे हे जागोजागी दिसतं.

पण उघडेपणाबद्दल बोलायचं तर एक्सओ लॅपटॉप आठवल्याशिवाय राहत नाही. दर मुलामागे एक लॅपटॉप या मोहिमेतलं ते हिरवं-पांढरं यंत्र, रबरी कीबोर्डचं, सशासारखे कान उभारलेलं. त्याच्या कीबोर्डवर खास सोय होती: फंक्शनच्या कळीबरोबर स्पेसबार दाबला की समोर चाललेल्या प्रोग्राममागचा कोड उघडणार. किती सुंदर कल्पना! मुलानं खेळता खेळता थांबावं, हे कसं चालतं म्हणून एक कळ दाबावी आणि आतलं सगळं समोर यावं. मी ते पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला गहिवरून आलं होतं. नंतर पेरूमधल्या ग्रामीण शाळांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, २०१२ मध्ये. लॅपटॉप मिळालेल्या मुलांच्या गणितात आणि भाषेत काही फरक पडलेला दिसला नव्हता. शिक्षकांना हाताला धरून कुणी शिकवलं नाही आणि यंत्रं नुसती वाटली, तर आतली रचना कितीही उघडी असो, तिच्यापर्यंत कुणी पोचत नाही. कळ होती. दाबायचं कारण वर्गात तयार झालं नव्हतं.

मोठ्यांचंही काही वेगळं नाही. इंटरनेटवरच्या असंख्य व्यवहारांना कुलूप पुरवणाऱ्या ओपनएसएसएल या मुक्त प्रोग्राममध्ये हार्टब्लीड नावाचं भगदाड २०१२ ते २०१४ अशी दोन वर्षं सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडून होतं. कोड उघडा होता, वाचायला कुणाला बंदी नव्हती, आणि ज्यानं त्यानं गृहीत धरलं होतं की दुसरा कुणीतरी वाचत असेल. त्या मुलीचा प्रश्न म्हणूनच मला टोचत राहिला. नोंद होते, फाइल उघडी आहे, अधिकार माझ्याकडे आहे, आणि मी वाचत नाही. मग कळवून काय उपयोग?

दुसरीही एक गोष्ट टोचत होती. आता शाळाशाळांतून जी क्रोमबुकं, म्हणजे गूगलच्या प्रणालीवरचे लॅपटॉप, येतात त्यांच्या तळाशीही लिनक्सच आहे. म्हणजे हिशेबानं बघितलं तर मुक्त प्रणाली वर्गांमध्ये जिंकलेली आहे, लाखो मुलं रोज तिच्यावर बसतात. पण वरचं झाकण इतकं घट्ट, की शाळेनं ठरवलं तर मुलाला मागचं चित्रसुद्धा बदलता येत नाही. मी यावर तावातावानं बोलू शकते. आणि माझ्या वर्गात? पूर्ण उघडी प्रणाली, आणि सगळ्या अधिकारांची किल्ली माझ्या एकटीच्या खिशात. त्याला कारणं आहेत, आणि ती मला आजही पटतात. पुढच्या तासाला दुसरा वर्ग येणार असतो, यंत्रं उभी असावी लागतात, प्रत्येकानं काहीबाही बसवलं तर शिकवायचं कधी? पण मुलीच्या बाजूनं बघितलं तर दोन्ही पडदे एकच गोष्ट सांगत होते: तुझं नाव यादीत नाही.

तेव्हा एक यंत्र बाजूला काढलं. त्याच्यावर कुणाच्या वह्या नाहीत, गुण नाहीत, शाळेच्या जाळ्यातही ते नाही. इंटरनेट लागलंच तर मी समोर बसलेली असताना. या यंत्रावर मुलांच्या खात्यांना पूर्ण अधिकार. नाव मुलांनीच ठेवलं: मोडायचं यंत्र. पहिल्यांदा सुडो वापरलं की ते तीन ओळींचं प्रवचन देतं: दुसऱ्याच्या खासगी गोष्टींचा मान राखा, टाइप करण्याआधी विचार करा, मोठ्या अधिकाराबरोबर मोठी जबाबदारी येते. मुलांनी ते मोठ्यानं वाचलं, एकमेकांकडे बघितलं आणि पहिल्याच आठवड्यात दुसऱ्या कलमाची पायमल्ली केली. एका मुलानं जागा वाचवायची म्हणून पायथन ही प्रोग्रामिंगची भाषाच यंत्रावरून काढून टाकली. पायथनच्या खांद्यावर काय काय उभं असतं हे त्याला ठाऊक असायचं कारण नव्हतं. यंत्रानं काय काय जाणार त्याची लांबलचक यादी दाखवली होती, ‘करू का?’ असं विचारलंही होतं, त्यानं यादी न वाचता हो म्हटलं. पुन्हा चालू केल्यावर खिडक्या नाहीत, चिन्हं नाहीत, काळ्या पडद्यावर नाव आणि पासवर्ड विचारणारी ओळ फक्त. तो पांढराफटक पडला. मी पेनड्राइव्ह त्याच्या हातात ठेवला आणि माझ्या कामाला लागले.

आख्खी दुपार गेली. पेनड्राइव्हवरून यंत्र सुरू कसं करायचं, डिस्कचे भाग म्हणजे काय, सगळं पुसू का असं यंत्र विचारतं तेव्हा ते नेमकी कुठली डिस्क म्हणतंय, हे सगळं त्यानं आणि भोवती जमलेल्या टोळक्यानं वाचून, भांडून, एकदा तर आरडाओरडा करून ठरवलं. ‘पुसा’ या बटणावर बोट ठेवून ते सगळे थांबले होते तो क्षण मी लांबून बघितला. पायऱ्या पाठ असलेलं मूल तिथं थांबत नाही. यांना परिणाम ठाऊक होता म्हणून ते थांबले, यादी पुन्हा वाचली, आणि मग दाबलं. त्या मुलाच्या गुणपत्रिकेत या दुपारीला रकाना नाही. पालकसभेत सांगायलाही हे अवघडच आहे. “तुमच्या मुलानं यंत्र मोडलं” इथं वाक्य सुरू होतं आणि पुढचं कुणी ऐकत नाही.

नोंदींची फाइल आता मी आठवड्यातून एकदा उघडते, मुलांबरोबर, मोठ्या पडद्यावर. कुणाचं नाव कुठे आलंय यावर हशा होतो. कुणी मुद्दाम मजेशीर आज्ञा टाकून ठेवतो, म्हणजे वाचताना त्याचं नाव यावं. सगळ्यांना यात रस आहे असं अजिबात नाही. बहुतेकांना खेळ आणि चित्रं पुरतात, काहींना संगणकाचा तास म्हणजे पंख्याखाली बसायची संधी, आणि मलाही ते ठीक वाटतं. प्रत्येकानं झाकण उघडून बघावं असा माझा हट्ट नाही. ज्याला बघायचंय त्याच्या हातावर कुणी चापट मारू नये, इतकंच.

सध्या मोडायच्या यंत्राचा आवाज गेलाय. कुणी काय केलं ते कुणी कबूल करत नाही आणि नोंदींत त्या दिवशीच्या इतक्या आज्ञा आहेत की संशयित भरपूर. नववीतल्या दोन मुली दुपारच्या सुट्टीत एकेक ओळ तपासत बसतात. त्यांनी मला बजावलंय, “बाई, तुम्ही सांगायचं नाही हं.” मला उत्तर माहीत आहे असा त्यांचा समज आहे. मला ते माहीत नाही, आणि सोमवारच्या कार्यक्रमाला स्पीकर त्याच यंत्राला जोडायचे असं मी परस्पर कबूल करून बसलेय.